ओल

पहिल्यांदा गादी गेली.
मग तांदळाचा डबा, इस्त्री, डोकेदुखीच्या गोळ्या,
आणि अकरा वर्षं खिडकीला चिकटलेला काळा कागद.
मुहर्रकच्या या गल्लीत
दोन माणसं समोरासमोर आली
तर एकाला भिंत व्हावं लागतं.
ऊनसुद्धा अंग चोरून येतं.
त्या दिवशी ते सरळ आत शिरलं
आणि टेबलावर हात टेकून उभं राहिलं,
घरमालकासारखं.

सात ते चार मी ॲल्युमिनियमच्या कारखान्यात
पाइपांचे नकाशे काढते.
तिथे रेघ चुकली की मेमो.
चारनंतर इथे यायचे ते रेघ चुकवायला,
आतून कडी लावून.
कडी आता काढली. तिची चार भोकं
लांबीने बुजवली,
अंधारात बोट अजून तिथेच जातं.

भिंतीला तीनदा पांढरा दिला.
तीनदा मीठ वर आलं,
आधी पापुद्रे, मग भुरी,
मग पिठीसाखर.
चौथ्या दिवशी उम्म जासिम डोकावली,
एका हातात कहव्याचा दल्ला, दुसऱ्यात दोन फिंजान.
दोन्ही खाली ठेवून तिने भिंतीवरून तळवा फिरवला,
तापातल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा.
म्हणाली, मी लहान होते तेव्हा
समुद्र इथवर यायचा,
या उंबऱ्याशी आम्ही पाय धुवायचो.
मग भर टाकली, रस्ता आला, तो गेला.
एवढाच मागे राहिलाय. भाडं देत नाही,
पण याला काढू नकोस.

माझी अरबी मोडकी आहे.
कदाचित ती एवढंच म्हणाली असेल :
ओल आहे, चित्रं लांब टांग.

चार बोटं लांब टांगली.

फरशीवरचे डाग घासायला बसले.
हिरवा निघाला, गेरू निघाला,
एक जांभळा मात्र हटेना,
आणि गुडघ्यांवर असतानाच आठवलं
तो कुठल्या रात्रीचा.
अर्धी फरशी तशीच ठेवली.

पाटीवरची अरबी अक्षरं उम्म जासिमच्या नातीने,
नजलाने, काढून दिली. इंग्रजी माझी.
मराठीपाशी रात्रभर अडले.
‘कलादालन’ लिहून पाहिलं,
दहा बाय चौदाच्या खोलीला
शालू नेसवल्यासारखं झालं. खोडलं.
लिहिलं : आत या. चपला राहू द्या.

शुक्रवारी पहिला आला तो लाँड्री शोधत.
दुसरा बराच वेळ उभा राहिला
मिठासमोर, आणि किंमत विचारली.
ऑफिसातली पेर्पेतुआ केक घेऊन आली,
सगळ्यालाच छान म्हणाली,
आग विझवायच्या नळकांड्यालासुद्धा.

मगरीब झाल्यावर मोतालिब.
ऑर्डर रद्द झालेली, पत्ता चुकलेला,
पाठीवरच्या पेटीत कुणाची तरी बिर्याणी.
पाणी मागितलं, प्यायला,
निळ्या चित्रासमोरच्या एकुलत्या खुर्चीत बसला
आणि हेल्मेट मांडीवर धरून
झोपला.

काय करतात अशा वेळी गॅलरीवाले?
मी निळ्यावरचा दिवा बंद केला.
एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं,
बादलीत फडकं टाकलं, आवाज मेला.
जांभळ्या डागावर बसून राहिले.
या खोलीत माझ्याशिवाय
कुणीच कधी झोपलं नव्हतं.

चाळीस मिनिटांनी तो दचकून उठला,
सॉरी म्हणाला, दोनदा.
निळ्याकडे पाहिलंही नाही.
कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं एक
त्याला दिसलं.
“हे का रुसलंय?”

ते मी कुणाला दाखवत नाही.
मलासुद्धा नाही, गेली सहा वर्षं.
हे सांगायला तोंड उघडलं,
तोवर त्याने हेल्मेट खुर्चीत ठेवलं होतं
आणि एका बाजूने चौकट धरली होती.
मग दुसरी मी धरली.
जड होतं. फळीने नखाला इजा केली.

फिरवलं, तर ओठांपासून हनुवटीपर्यंत
मीठ आलेलं.

“पुसू?” त्याने बाही पुढे ओढली.
म्हटलं, थांब.
आधी दिवा लाव तो, तुझ्या डोक्यावरचा.