शिफ्ट दाबून जे

कंधारात तहसिलीसमोर आमचं टायपिंगचं दुकान.
दोन कॉम्प्युटर. एक चालतो,
दुसऱ्यात जुने फॉन्ट आहेत म्हणून ठेवलाय.

केवळाबाई तऱ्हाळे दाखला परत घेऊन आल्या.
अक्षरओळख नाही, पण कागद उन्हाला धरून म्हणाल्या,
“ही म्या न्हाय.
मपल्या नावात मदीच एक वाकडी मिशी ऱ्हाती,
मास्तरनं पाटीवर काढून दावली व्हती.”

बरोबर होतं.
र, मग पाय मोडल्याची खूण, मग ह :
वाटणी झालेले भाऊ लग्नात बसतात
तसे शेजारी, पण सुटे.
दोन्ही ळ तर गेलेच. त्यांच्या जागी
रिकामे चौकोन,
कुणी राहायलाच न आलेल्या सरकारी क्वार्टरांसारखे.

सेटिंगात शिरलो.
प्रदेश भारत. भाषा हिंदी.
यादीत मराठीपर्यंत कुणी खाली उतरलंच नव्हतं.

मुजीबभाई कोपऱ्यात खासरा वाचत होते,
उर्दूतला, उजवीकडून डावीकडे,
पान उलटताना बोटाला थुंकी लावत.
“ह्यांच्या सासऱ्याचं शेत इथं सापडलं,” म्हणाले,
“पण ळ नाही. आमच्या लिपीत ते अक्षरच नाही ना.
मुनशीनं लाम लिहिला, फसली साल टाकलं, जेवायला गेला.”
मग चष्मा पुसत,
“आणि माझ्या आडनावातला ज़?
तू कधी काजी करतोस, कधी काझी.
मी काही म्हणालो का?”

मला काही सुचलं नाही.
मागच्या महिन्यात जुन्या मशिनीतली मतदारयादी
नव्यात उघडली होती.
सगळा गाव डोक्यावर टिंबं असलेल्या परक्या अक्षरांत
ओळीनं उभा.
आत साठवलेले आकडे तेच होते, एकही हललेला नाही.
वाचणारा बदलला होता.

भाषा बदलली. शिफ्ट दाबून जे,
मग डी, मग यू.
र वाकला, ह च्या अंगाला टेकला.
केवळाबाईंनी काचेवर बोट ठेवलं :
“हां. ही बग.”
काचेवर पिठाचा ठसा राहिला, मी पुसला नाही.

अर्ज वर पाठवला.
चक्र फिरलं, फिरलं, लाल ओळ आली :
नावात विशेष चिन्हे चालणार नाहीत.

“काय म्हणायलंय त्ये?”

मुजीबभाईंनी खासऱ्यातून मान वर केली.
मी म्हणालो, सर्व्हर बंद आहे मावशी,
उद्या या.