चहा स्थिर होईपर्यंत

एम. जी. रोडवरच्या दुकानात
ओवेस मला सहावा स्टँड उलगडून दाखवतो.
काका, हा बघा, कार्बनचा. अकरा हजार.
एका बोटावर उचला.
मी एका बोटावर उचलतो
आणि त्याच बोटाने परत देतो.

छत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे ताव तपासले.
केसाएवढी रेघ सरकली की ताव बाजूला.
आज किती लाख बघितले, घरी विचारायचे.
मी म्हणायचो, कागद होता.
गेटवर झडती देऊन बाहेर पडायचं
आणि बसमध्ये सुट्ट्यांवरून कंडक्टरशी भांडायचं.

तेव्हा महाग म्हणजे काय ते राहू दे, ओवेस.
माझ्याकडे बावीसशे आहेत.
निफाडच्या अर्ध्या तिकिटाचे वेगळे, वरच्या खिशात.

सातशेचा पाय पसरून उभा राहिला
तो आत्ताच जन्मलेल्या वासरासारखा.
बाराशेच्या पायांना चार घड्या.
घडी वाढली की खालची नळी बारीक होत जाते,
शेवटची तर उदबत्तीच.
एकावर लिहिलं होतं, आठ किलो पेलतो.
खोकं पेलत असेल.
मधला दांडा वर ओढला की
फूटभर उंची फुकट मिळते
आणि फुकटची उंची हलते.
हे मी जरा मोठ्यानेच म्हणालो.
ओवेस म्हणाला, काका, विकतचीही हलते.

मग मी शेजारून अर्धा चहा मागवला
आणि कॅमेरा बसतो त्या चकतीवर ग्लास ठेवला.
रस्त्यावरून सिटीलिंक गेली,
चहावर वर्तुळं उठली.
मी घड्याळ बघत उभा.
वासरावर मोजलंच नाही.
उदबत्तीवर अकरा सेकंद.
ओवेसचे मालक गल्ल्यावरून बघत होते,
हा माणूस घेणार आहे की पिणार आहे.

शेवटी माळ्यावरून एक जुना काढला.
कुणा लग्नाच्या व्हिडिओवाल्याने बदल्यात दिलेला,
ॲल्युमिनियमचा, तीनच घड्यांचा,
खरचटलेला, जड.
एका पायावर अजून हळद.
दुसऱ्या पायाचं बुडाचं रबर गायब.
(कुमुदच्या काठीचं घरी आहे.
मापाचं असावं.)

ग्लास ठेवला. बस आली, गेली.
चहा थांबेचना.
सात. नऊ. बारा.
मी म्हणालो, हाही तसलाच.
ओवेस हळूच म्हणाला,
काका, बोट काढा ना.

ग्लास पडू नये म्हणून
माझं बोट त्याला टेकलेलं होतं.
गेल्या दिवाळीपासून उजवा हात असा.
डॉक्टर म्हणाले, वय.
पक्ष्यांचे सगळे फोटो पुसट येतात ते
मी लेन्सवर ढकलत होतो, धुक्यावर,
एकदा तर पक्ष्यांवरसुद्धा.

हात बाजूला घेतला.
चहा एकदम गप्प झाला.
त्यात दुकानाची ट्यूबलाइट उतरली, सरळ,
कुठेही न सरकलेली.

अठराशे, मालक म्हणाले. मी म्हणालो, पंधराशे.
सोळाशेला तुटलं, पिशवीसकट.
चहा ओवेसने प्यायला, गार.

रविवारी पहिल्या एसटीने निफाड,
पुढे नांदूरमध्यमेश्वर, वडापमध्ये.
स्टँड मांडीवर, हळदीचा पाय शेजाऱ्याच्या कुशीत.
पाण्याकाठी तिन्ही पाय चिखलात रोवले.
काठीचं रबर थोडं सैल निघालं,
चिंधी गुंडाळली.
दांड्याच्या आकड्याला पिशवी टांगली,
आत बाटली, तीन पेरू, जुनी छत्री.
वजन लागतं.

समोर राखी बगळा एका पायावर.
त्याला कुणी विचारलं नाही, किती किलो पेलतो.

टायमर दोन सेकंदांचा.
बटण दाबून हात मागे बांधायचे,
शाळेत बाई सांगायच्या तसे.
एक.
बगळ्याने दुसरा पाय काढला
आणि उडाला.

फोटोत नुसतं पाणी आलं.
तो उभा होता तिथली वर्तुळं,
एकात एक, काठापर्यंत,
प्रत्येकीची रेघ वेगळी मोजता येईल अशी.
चष्मा कपाळावर सरकवून
ताव बघावा तसा बराच वेळ बघितला.
बाजूला नाही टाकला.