बुडबुडा

नळी धुणं हे माझं काम.
कॅमेऱ्याची नळी, पेन्सिलीहून बारीक,
बांबोळीला, खिडकी नसलेल्या खोलीत.
आधी तिच्यात हवा भरायची, मग पाण्यात बुडवायची
आणि बघत राहायचं
कुठून बुडबुडा येतोय का.
माझा भाऊ कुडचड्याला सायकलींचे पंक्चर काढायचा.
त्याचं घमेलं, माझा टब. फरक एवढाच
की माझ्या टबातून निघालेली नळी
कुणाच्या तरी लेकराच्या छातीत उतरते.

मंगळवारी मंथन वेळीप. वय नऊ. रिवणचा.
फाईल त्याच्या दप्तराएवढी.
दोन पंप, वाफेचं मशीन, रात्रीची गोळी,
आणि ती दुसरी गोळी, जिनं गाल फुगले
पण उंची दाराच्या चौकटीवर
गेल्या चवथीच्या खुणेपाशीच थांबली.
कारणं सगळ्यांची सांगून झाली होती :
खाणीच्या ट्रकांची धूळ, काजूचा मोहर,
शेजारणीचं मांजर,
आईनं गरोदरपणी खाल्लेला फणस.
एक मावशी म्हणालेली, दमा आहे ना, मग दम धरा.

त्याची आई शेवंती माझ्याशी बोलली,
बहुतेक मी डॉक्टर नव्हते म्हणून.
आधीच श्वास पुरत नाही, त्यात आणखी नळी?
घाबरू नका, असं मी म्हटलं नाही.
ते स्वस्त असतं.
म्हटलं, मीच धुतलीय. दोनदा.

लव्हिनिया डॉक्टरांनीही तिला गोड सांगितलं नाही.
औषध वाढवत वाढवत आपण भिंतीपाशी आलोय.
आता आत बघू. काही दिसेल, किंवा दिसणार नाही.
(गेल्या महिन्यात एका मुलीत काहीच दिसलं नव्हतं.
तेही अहवालात नीट लिहिलं होतं,
आणि तिची आई ते वाचून रडली,
का, ते मला अजून कळलेलं नाही.)

झोप हलकीच दिली,
श्वास त्याचा त्यानं घ्यायला हवा होता.
पडद्यावर गुलाबी बोगदा, कड्यामागं कडं.
श्वास आत : बोगदा उघडा.
श्वास बाहेर : मागची भिंत पुढे झुकायची
भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी,
आणि फट उरायची नखाएवढी.
पुन्हा उघडी. पुन्हा तसंच.
खोलीत कुणी बोललं नाही.
इतकी वर्षं घर आतून बसत होतं
आणि सगळे बाहेरून रंगाचा हात देत होते.

मग खारं पाणी आत सोडलं, ओढून घेतलं.
बाटलीत आलं ते
तांदळाच्या पहिल्या धुवणासारखं.
चार दिवसांनी लॅबचा कागद :
दम्यात सापडतात त्या पेशी जेमतेम,
भलत्याच पेशींची जत्रा, आणि जंतू.

म्हणजे दमा नव्हताच?
होता. आहे. पण एकटा नव्हता.
त्याच्या खात्यावर दुसऱ्यांची उधारी चढत होती.

गाल फुगवणारी गोळी पायरीपायरीनं उतरवली.
जंतूंचं औषध, कफ सुटायचे व्यायाम,
आणि भिंत वयानुसार घट्ट होईल, बहुधा.
'बहुधा' डॉक्टरांनी दोनदा म्हटलं.

पण हे सगळं नंतरचं.
त्या दिवशी जागा झाला तेव्हा त्याचा घसा बसला होता.
"म्हज्या पोटांत लायट पेटयली?"
छातीत, मी म्हटलं.
"कितें दिसलें?"
रस्तो.
"डांबराचो?"
कच्चो, मी म्हटलं,
आणि त्याला ते पटलं. रिवणच्या पोराला पटणारच.

अजून खोकतो, शेवंती फोनवर सांगते.
पण रात्री उठून बसत नाही.
मी विचारते, उंची?
ती म्हणते, थांबा, पट्टी शोधते,
आणि फोन कट होतो.

संध्याकाळी नळी पुन्हा टबात.
बुडबुडा नाही.
आतून ब्रश, मग औषधाचं पाणी, मग हवा,
मग कपाटात उभी टांगायची, वेटोळं न घालता.
ओल राहिली तर उद्याच्या मुलाला बाधेल.
उद्या दोघं आहेत.
त्यातली एक काणकोणची, अडीच वर्षांची.
तिला याहून बारीक नळी लागेल,
आणि ती दुरुस्तीहून अजून आलेली नाही.