टोपीचे महिने

ग्वाल्हेरची थंडी माझ्या बाजूची आहे.
डिसेंबर उतरला की लश्करात सगळीच डोकी झाकलेली,
दूधवाल्याचं, प्राचार्यबाईंचं, बाड्यावरच्या गजकवाल्याचं,
आणि माझं.
दोन महिने मला कुणी काही विचारत नाही.

मे महिन्यातही तसं निभतं.
लू सुटते, स्कूटीवरच्या पोरी ओढणीत
डोळ्यांपुरत्या उरतात. मीही.
अडचण होते ती फाल्गुनात.
हवा सुरेख, डोक्याला कुणी काही बांधत नाही,
आणि खिडकीजवळच्या खुर्चीत मला कळतं
टाळूवर ऊन पडलंय.
रुपयाएवढं ऊन.

हे होतं पेपर तपासताना.
मी डावखुरी. लाल पेन डाव्या हातात,
उजवा रिकामा.
तो न सांगता निघतो,
शंभर सरळ केस सोडून देतो
आणि एकच शोधतो: जाड, किंचित वाकडा,
दोऱ्यातली गाठ लागावी तसा बोटाला लागणारा.
तो सापडेपर्यंत घरात कसलाच आवाज नसतो.
मग बारीकसं टक्,
कानाला नाही, कातडीला ऐकू येणारं.
टोकाला ओला पांढरा कण.
तो मी ओठांवरून फिरवते.
(हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.)
दुखतं का, लोक पहिलं तेच विचारतात.
दुखत नाही.
तेच तर.

दहावीच्या त्रिकोणमितीचे चाळीस पेपर संपतात
तेव्हा मांडीवर चिमणीचं घरटं होईल एवढं जमलेलं असतं.
मी ते कागदात गुंडाळते, डब्याच्या तळाशी घालते,
वर चहाचा चोथा.
श्रीरंगला माहीत आहे. चोथ्याचंही माहीत आहे.

आई म्हणायची, खोड.
बोटांना कडुलिंब चोळायची, मग एरंडेल,
मग एका उन्हाळ्यात दोन्ही वेण्या कापवून आणल्या.
मनावर घे म्हणायची,
जसा काही हात मनाला विचारून उठतो.
लग्न ठरलं तेव्हा श्रीरंग म्हणाला होता,
तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही.
मी इतकी हसले, की त्याला वाटलं लाजले.

नाव कळलं चाळिशीत, कंपूतल्या डॉक्टरीणबाईंकडे.
फळ्यावर लिहिलं तर दोन ओळी जातील एवढं लांब.
म्हणाल्या, खोड नाही, वेड नाही, तुमचा गुन्हा तर नाहीच.
हात कधी उठतो ते लिहीत जा.
मी गणिताची बाई, कोष्टक आखलं:
वार, वेळ, खुर्ची, किती.
पहिला आठवडा दोनशे अकरा.
पाचवा चौऱ्याण्णव. पेढे आणावेसे वाटले.
सहावा, प्रीबोर्डचे गठ्ठे, तीनशे दोन.
आलेख काढला तर किल्ल्याची तटबंदी दिसली,
चढ, उतार, मध्येच बुरूज.

आता उजव्या तर्जनीला टेप असते.
श्रीरंग ‘हात’ म्हणत नाही, तो शब्द मला लागतो.
समोर मटारच्या शेंगा आणून ओततो
आणि स्वतःही सोलायला बसतो.

काल मधल्या सुट्टीत नित्या भदौरिया वही घेऊन आली.
वाकली तेव्हा दिसलं,
डाव्या डोळ्याच्या पापणीला केस नाहीत,
त्यांच्या जागी काजळाची जाड रेघ.
ती रेघ माझ्या ओळखीची. मी भुवया रंगवायचे.
तिनेही पाहिलं असावं, टेपचं बोट.
काही म्हणावं म्हणून तोंड उघडलं
आणि हिंदीत काय, मराठीत काय,
एक शब्द सापडेना
जो आधी माझ्यासाठी वापरून झाला नव्हता.
म्हणून टोपी काढली.
खाजवायला काढावी तशी, सहज,
आणि मान खाली घालून तिचं प्रमेय तपासत राहिले.
गार हवा थेट त्या रुपयाला लागत होती.
ती बराच वेळ हलली नाही.

चौथी पायरी चुकली होती. तिथे पेन टेकवलं.
उजवा हात टेबलावर होता,
निदान घंटा होईपर्यंत.