खालची रेघ

लक्ष्मीपुरीत, पिठाच्या गिरणीच्या वर,
जिन्याला तेवीस पायऱ्या, त्यातली एक फुटकी,
तिथं माझं डीटीपीचं दुकान.
लग्नपत्रिका, क्लासच्या प्रश्नपत्रिका, दहाव्याचे कागद,
आणि दर पंचवीस तारखेला
बालिंग्याच्या दूध संस्थेचं दरपत्रक.

सचिव अण्णासो मगदूम मजकूर हातानं लिहून आणतात.
म्हैस, फॅट ≥ ६.०
चोचीखालची आडवी रेघ
इतकी दाबून ओढतात
की कागदाच्या पाठीवर ती बोटाला लागते.
"रेघ तेवढी सोडू नका, मॅडम."
नाही सोडत, म्हटलं.

आणि सुटली.

माझ्या जुन्या फॉन्टात हे चिन्हच नाही.
मागितलं की चौकोन येतो, रिकामा,
खिडकी काढून नेलेल्या भिंतीसारखा.
नुसती चोच दाबली तर ढ उमटतो.
फॅट ढ ६.०
एकटीच हसले.
मग इंग्रजी फॉन्टात जाऊन चोच टाकली,
रेघ नंतर मारू, अधोरेखित करून.
तेवढ्यात खाली गिरणी सुरू झाली,
टेबल थरथरायला लागलं,
एक आजोबा श्राद्धाचा फोटो घेऊन आले,
त्यांना फोटोतला डाग काढून हवा होता, मिशी ठेवून.
दीडशे प्रती निघाल्या.

एक तारखेला सकाळी, भिंतीवरच्या त्या कागदासमोर
हौसाक्का चौगले कॅन घेऊन उभी.
यंत्रावर आकडा आला सहा पूर्णांक शून्य.
ना वर, ना खाली.
यंत्रावर नवा पोरगा, बीएस्सी झालेला.
कागदावर बोट ठेवून वाचलं त्यानं.
"मावशी, सहापेक्षा जास्त पायजे."
"सहा हाय न्हवं?"
"सहा हाय. पर सहापेक्षा जास्त न्हाई."
"मग मी तरी काय म्हन्तोय? सहा हाय!"
लिटरमागं चार रुपये खालचा दर लागला.
चार लिटर दूध.

अण्णासो तेवीस पायऱ्या चढून आले.
रागावले असते तर बरं झालं असतं.
आपला कागद काढला, उलटा ठेवला टेबलावर,
म्हणाले, हात फिरवा.

त्या रात्री शिकले.
समोरच्या क्लासमधल्या कणसे सरांनी आकडे सांगितले:
दोन, दोन, सहा, पाच, इंग्रजीतच हं,
मग आल्ट धरून एक्स.
चार आकडे क्षणभर तसेच उभे राहतात,
आणि मग एकमेकांत मिटून
चोच होते, आणि चोचीखाली,
हो, रेघ.
बारा वेळा केलं. पुसलं. परत केलं.
अण्णासोंच्या फोनवर पाठवलं तर
त्यांच्याकडं चौकोनच गेला.

म्हणून सकाळी केएमटी धरून बालिंग्याला,
पर्समध्ये काळं बॉलपेन.
ज्यांच्या घरी कागद पोचले होते
त्यांची दारं विचारत हिंडले.
एकानं विचारलं, निवडणूक लागली काय?
भिंतीवरच्या प्रतीवर रेघ मारताना हात हलला,
ती जराशी उतरती झाली, उजवीकडं.

हौसाक्काला सोळा रुपये दिले.
तिनं दोनदा मोजून घेतले.
मग कागदाजवळ गेली, डोळे बारीक केले,
"एवढीच?"
एवढीच, म्हटलं.
"आनि ह्येच्यात सहा बसतंय?"
बसतंय.
"बरोब्बर सहा?"
बरोब्बर सहा.

दुसऱ्या दिवशी तिच्या म्हशीनं
पाच पूर्णांक नऊ दिलं.
अण्णासोंनी फोन करून सांगितलं, हसत.
मी काय बोलणार.
खाली गिरणी चालू होती,
पडद्यावर कणसे सरांची प्रश्नपत्रिका,
चौथ्या प्रश्नात एक चौकोन, रिकामा.