अकरा टक्के

उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवलेला भूपाल
विजेची व्हॅन घेऊन आला, तेव्हा
गल्लीनं आधी तिच्या पोटाखाली वाकून पाहिलं.
सायलेन्सरच नाही म्हटल्यावर
बंडू आवाडे म्हणाला, "आणि वाटेत संपली तर?"

संपली नाही. अकरावर आली.
गगनबावड्याच्या अलीकडे, धुक्यात.
मागे गादी, शेगडी, भडंगाचा डबा,
आणि पुढे एसी बंद ठेवून
रुमालानं काच पुसणारी मी.

एका गुऱ्हाळवाल्यानं शेडमधली वायर दिली.
पंधरा अँपिअरचा प्लग, सकाळपर्यंत जेमतेम चाळीस.
पैसे किती, विचारलं तर म्हणाला,
"मीटर बघून द्या. आणि गूळ न्या."

रात्री दोनदा लाईट गेली.
दोन्ही वेळा भूपाल अंधारात उठून बसला,
आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा
आकड्याकडे बघत.
मी झोपले. खरं सांगते,
इतकी गाढ झोप घरात लागत नाही.

सकाळी करूळ घाट उतरताना
त्याचा पाय पेडलवर नव्हता,
आणि आकडा चढायला लागला:
चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस.
भूपाल हसला नाही. फक्त वेग कमी केला,
उतार लवकर संपू नये म्हणून.

परतताना हाच घाट चढायचा होता.
दोघांनाही माहीत होतं,
कुणी बोललं नाही.

बंडू विचारेलच, परवडतं का?
तेवीस युनिट झाले, सांगेन.
भूपालच्या जागरणाचं काढणार नाही.
गुळाचा रवा फोडायला
त्याच्याच घरचा बत्ता मागून आणेन.