पाच बदाम

विश्रामबागेत, क्लबच्या वरच्या खोलीत
बुधवारी पंखा एकावर.
मिरजेच्या दोघी भूलतज्ज्ञ समोरासमोर,
माझ्यासमोर जिनपाल चौगुले,
अडत बंद करून अकरा वर्षं झाली
तरी नखांच्या कडा पिवळ्या.

त्यानं उघडलं: एक इस्पिक.
उजवीकडून दोन बदाम.
मी थेट चार इस्पिक, तेवढं माझं होतंच.
डावीकडच्या बाई चष्मा पुसत,
आता दहा आकडे मोजा म्हणाव्यात तशा मऊ आवाजात:
पाच बदाम.

जिनपाल, पास.
लगेच नाही, उशिराही नाही.
उजवीकडच्या, पास.
आता मी.

हा पास म्हणजे माघार नव्हे.
पाचावर त्यांना फुकट सोडायचं नाही
हे आमचं कधीचं ठरलेलं.
डबल मारायचा की वर जायचं, तू बघ,
एवढंच तो म्हणाला.
मला आणखी हवं होतं.
तो क्षणभर अडखळता तर कळलं असतं,
आणि ते कळणं चोरी ठरली असती.

मार्केट यार्डात रुमालाखाली
त्याच्या वडिलांनी जन्मभर बोटं दाबली.
हाताला हात सांगायचा
किती शेकडे, किती सुटे, कुठं थांबायचं.
इथंही कापड आहे, हिरवं.
पण हात सगळे वर.

एका साली शेवटची बोली जिनपालची होती.
हळद हरिपूरच्या पेवांत उतरवली
आणि नदी आली.
तो त्याबद्दल बोलत नाही.
पाचाला तो पास म्हणतो
तेव्हा मला उगाच पाणी ऐकू येतं.

माझ्याकडे बदामाची सत्ती नि तिर्री.
एकच असतं तर वर गेले असते.
तीन असती तर त्याच्याकडे नाहीच असं धरलं असतं.
दोन म्हणजे काहीच खरं नाही.

डबल, म्हणाले.

एकानं पडल्या. शंभर.
चौकटचा राजा उजवीकडे निघाला,
माझ्या एक्का-राणीच्या तोंडात.
म्हणजे आमचे अकरा हात झाले असते, वल्नरेबल, साडेसहाशे...
मी मोजतेय तोवर जिनपालनं
सगळे पत्ते ओढून घेतले.
"पेव उघडल्यावर कुणालाही कळतं, बाई.
सौदा त्याच्या आधी असतो."

उजवीकडच्या वाटू लागल्या.
त्यानं खाली वाकून चहा सांगितला, चार.
माझ्यात साखर किती
हे विचारलं नाही.